जाहिरातीचा मजकूर आणि मेहनतान्याचा हिशेब

भाताची कापणी उरकल्यानंतर खाचरात जी अंगओल शिल्लक राहते, तिच्यावर कोकणातील शेतकरी वालाचे पीक घेतो. या पिकाची पेरणी केव्हा करावी, शेंगा केव्हा तोडाव्यात, मळणीनंतर दाणे किती उन्हे दाखवून साठवावेत, ही विद्या त्यास वाडवडिलांकडून मिळालेली आहे. परंतु दाणा घरात आल्यानंतर तो चांगल्या भावाने गिऱ्हाइकाच्या घरी कसा पोचवावा, ही विद्या मात्र वारशाने आलेली नाही. पूर्वी हे काम व्यापारी करीत असे व त्याबद्दल नफ्याचा मोठा वाटाही तोच घेत असे. आता अनेक शेतकरी व महिलांचे बचत गट आपला माल निवडून, पाकिटात भरून स्वतःच विकू लागले आहेत. ही गोष्ट सर्वस्वी स्वागतार्ह आहे. मात्र तिच्याबरोबर काही नवे खर्चही दारात येऊन उभे राहिले आहेत व त्यांपैकी एका खर्चाचा विचार आज करावयाचा आहे.

उरण तालुक्यातील मोरा हे बंदर या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच येथे लागते. सुकी मासळी असो, कडवे वाल असोत किंवा खाडीपलीकडील अलिबागचा पांढरा कांदा असो, या भागातील मालास मुंबईचे गिऱ्हाईक पाण्याच्या पलीकडेच उभे आहे. अशा ठिकाणी पाकीट विकू इच्छिणाऱ्या गटास कोणी ना कोणी सुचवितोच की, पाकिटावरचा, पत्रकावरचा आणि मोबाईलवरून पाठवावयाच्या संदेशाचा मजकूर धंदेवाईक जाहिरात-लेखकाकडून लिहून घ्या, म्हणजे विक्री वाढेल. या लेखकास हल्ली कॉपीरायटर म्हणतात. तो आपल्या कामाचा मेहनताना घेतो व ते रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, तो मेहनताना आपणांस परवडतो काय?

आमचे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. ज्या उत्पादकाचा माल थोडा आहे व जो एकटा आहे, त्याने हा खर्च करू नये; स्वतःचा मजकूर स्वतः लिहावा. जेथे माल भरपूर, एकसारखा व वर्षानुवर्षे मिळणारा आहे आणि खर्च अनेकांत वाटला जातो, तेथे चांगला लेखक नेमणे हितावह ठरू शकते. या मताची कारणे पुढे दिली आहेत.

शब्दांचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. ती खोटी नाही. माल उत्तम असूनही त्याची ओळख गिऱ्हाइकास पटली नाही तर तो पडून राहतो, हा अनुभव सर्वांस आहे. तथापि त्याच तोंडाने आपण असेही म्हणतो की, आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार! या दोन्ही म्हणी एकत्र वाचल्या म्हणजे जाहिरातीचे खरे स्थान ध्यानात येते. मजकूर हा पोहरा आहे. आडात पाणी असेल तर पोहऱ्यावाचून ते वर येत नाही. परंतु आड कोरडा असेल तर चांदीचा पोहरा सोडूनही उपयोग नाही.

याचे महाराष्ट्रातील उदाहरण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडामुळे जमिनीस विष भिनते अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती. त्यामुळे पहिले थोडेसे नांगर खपण्यासही सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. ही अडचण शब्दांच्या तुटवड्याची नव्हती, विश्वासाच्या तुटवड्याची होती. शेजाऱ्याचे नांगरलेले रान आणि त्यावर उभे राहिलेले पीक डोळ्यांनी पाहिल्यावाचून असा विश्वास उत्पन्न होत नाही. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली, कारखाना वाढला, गिऱ्हाईक दूरदूरच्या गावी पसरले आणि मग १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखाना आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यात संबंध राहावा, हा त्याचा आरंभीचा हेतू होता. त्यातूनच पुढे मराठीतील एक नामांकित मासिक घडले.

या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, लेखणीचे काम नांगर सिद्ध झाल्यानंतर सुरू झाले. दुसरी ही की, लेखणी धरणारा मनुष्य बाहेरचा नव्हता. तो किर्लोस्करांच्या घरातलाच होता, कारखान्याच्या आवारात वावरत होता व गिऱ्हाइकांच्या अडचणी त्यास ठाऊक होत्या. लहान उत्पादकाने या दोन्ही गोष्टींचे अनुकरण करावे.

हिशेब कसा मांडावा

जाहिरातीचा खर्च परवडतो की नाही, हे मनाच्या उत्साहावरून न ठरविता वहीवर ठरवावे. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत; प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, एका बचत गटाजवळ हंगामात अर्ध्या किलोची ६०० पाकिटे भरतील एवढे वाल आहेत. त्यांपैकी ४५० पाकिटे कोणत्याही जाहिरातीवाचून खपतात. उरलेल्या १५० पाकिटांचे वाल शेवटी व्यापाऱ्यास सुटे विकावे लागतात. पाकिटातून विकल्यास, निवडणी, पाकीट, वाहतूक इत्यादी सर्व खर्च वजा जाता, सुट्या विक्रीपेक्षा प्रत्येक पाकिटामागे ३० रुपये अधिक मिळतात. लेखकाने मजकुराचे १५,००० रुपये सांगितले आहेत.

आता १५,००० ला ३० ने भागा. उत्तर ५०० येते. म्हणजे नुसता मेहनताना भरून निघण्यासाठी ५०० पाकिटे जादा खपली पाहिजेत. परंतु गटाजवळ जादा खपविण्याजोगी पाकिटे १५० च आहेत. ती सर्व खपली तरी प्राप्ती ४,५०० रुपये होईल आणि पहिल्या हंगामात १०,५०० रुपयांची खोट येईल. तोच मजकूर तीन हंगाम वापरला तरी एकंदर १३,५०० रुपयेच हाती येतात. लेखक कितीही कुशल असला तरी ६०१ वे पाकीट तो निर्माण करू शकत नाही. विक्री दुप्पट करून देतो, असे जो म्हणतो त्यास प्रथम विचारावे की, दुप्पट विकण्यासाठी माल कोठून आणावयाचा? बाहेरचे वाल विकत घेऊन आपल्या नावाच्या पाकिटात भरणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याने आज चार पैसे मिळतील, पण गावाचे नाव जाईल.

या हिशेबात तीन चुका नेहमी होतात. पहिली चूक अशी की, एकंदर विक्रीची रक्कम लाभ म्हणून धरली जाते. पाकीट १२० रुपयांस विकले म्हणून १२० रुपये मिळाले असे नव्हे. मेहनताना फिटतो तो त्या पाकिटामागील ३० रुपयांतून. दुसरी चूक अशी की, जी पाकिटे तशीही खपलीच असती, त्यांचे श्रेयही जाहिरातीस दिले जाते. तिसरी चूक अशी की, मजकूर लिहून झाला म्हणजे खर्च संपला असे वाटते. वस्तुतः त्यानंतर छपाई येते, छायाचित्रे येतात, आणि जुनी छापील पाकिटे पडून राहतात ती वेगळीच. हे सर्व मेहनतान्यात मिळवूनच भागाकार करावा.

कोणी म्हणेल की, चांगल्या मजकुरामुळे दरही वाढवून घेता येतो. हे शक्य आहे. वरील उदाहरणात पाकिटाचा दर १० रुपयांनी वाढला व सर्व ६०० पाकिटे खपली, तर एका हंगामात ४,५०० अधिक ६,००० म्हणजे १०,५०० रुपये लाभ होईल आणि दुसऱ्या हंगामात खर्च फिटून शिल्लक राहील. परंतु वाढीव दर गिऱ्हाईक देते की नाही, हे पाहण्यासाठी आधी लेखक नेमण्याची गरज नाही. थोड्या पाकिटांवर दर वाढवून पाहावा. उत्तर फुकट मिळेल.

आपणांस ठाऊक आहे ते लेखकास ठाऊक नाही

मजकूर लिहिणे म्हणजे अलंकारिक भाषा लिहिणे, अशी एक समजूत आहे. तिच्यामुळेच शेतकरी लेखणी हाती घेण्यास कचरतो. खरे पाहता मुंबईतील गृहिणीस वालाच्या पाकिटावर अलंकार नको असतात. तिला चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात. हा वाल कोठला आहे? तो निवडलेला आहे काय? त्यास भुंगा लागेल काय? आणि त्याचे बिरडे कसे करावे? या चारही प्रश्नांची उत्तरे उरणच्या कोणत्याही शेतकरी भगिनीस तोंडपाठ आहेत. नगरातील लेखक ती तिच्याकडूनच विचारून घेणार आणि थोडी सजवून तिलाच विकणार.

नमुन्यादाखल एक मजकूर देतो: “कडवे वाल. उरण तालुक्यात भातानंतर अंगओलीवर घेतलेले पीक. कडक उन्हात वाळवून, चाळून व हाताने निवडून भरले आहेत. रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पाणी निथळून फडक्यात बांधावेत व मोड येऊ द्यावेत. नंतर कोमट पाण्यात टाकले असता साले सहज निघतात. पाकीट उघडल्यावर वाल कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.” यात एकही विशेषण वायफळ नाही. जे केले तेच लिहिले आहे. अर्थात, जे केले नसेल ते वाक्य गाळले पाहिजे. एका पाकिटात किती माणसांचे बिरडे होते, हे स्वतः शिजवून पाहून खाली लिहावे. सुक्या बोंबलाच्या किंवा जवळ्याच्या पाकिटासही हीच रीत लागू आहे. वाळवण कशावर केली, मीठ लावले आहे की नाही, शिजविण्यापूर्वी किती वेळा धुवावे, या माहितीस गिऱ्हाईक किंमत देते. ज्यास सुकी मासळी हाताळण्याची सवय नाही, त्याची भीड अशाच माहितीने मोडते.

लिहिण्याचा सराव नसेल तर एक युक्ती करावी. विकावयास बसल्यावर गिऱ्हाईक काय विचारते ते आठ दिवस वहीत टिपून ठेवावे. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो त्याचे उत्तर पाकिटावर प्रथम लिहावे. शुद्धलेखन तपासण्यासाठी गावातील शिक्षक किंवा महाविद्यालयात शिकणारी मुलगी पुरेशी आहे.

हल्ली संगणकास किंवा मोबाईलला सांगितले असता तो क्षणार्धात जाहिरातीचा मजकूर तयार करून देतो. या साधनाचा उपयोग वाक्ये नीट करण्यासाठी किंवा हिंदी, गुजराती भाषांतरासाठी करण्यास हरकत नाही. मात्र यंत्रास तुमचे खाचर ठाऊक नाही. तुम्ही माहिती दिली नाही तर ते सर्वांस लागू पडणारी गोड वाक्ये देते, आणि सर्वांस लागू पडणारे वाक्य कोणाचाच माल ओळखीचा करीत नाही. शिवाय जी गोष्ट आपण केली नाही तीही ते बेधडक लिहून जाते. म्हणून त्याने दिलेले प्रत्येक वाक्य तपासून घेणे अवश्य आहे.

एकट्याने नव्हे, एकत्र

मोठा मेहनताना जेथे फलदायी झाला, तेथे तो बहुधा अनेक उत्पादकांनी मिळून सोसलेला आढळतो. गुजरातेतील खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ मध्ये स्थापन झाला. ‘अमूल’ हे नाव १९५० नंतरच्या दशकात आले. अमूल लोण्याची ती सुप्रसिद्ध मुलगी व तिची खुसखुशीत वाक्ये १९६६ मध्ये जाहिरात-व्यवसायातील सिल्व्हेस्टर डा कुन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्माण केली. म्हणजे दूध गोळा करण्याची, तपासण्याची व लोणी काढण्याची घडी बसविण्यात वीस वर्षे गेल्यानंतर ही मोहीम आली, आणि तिचा भार असंख्य दूध-उत्पादकांत वाटला गेला. एखाद्या गवळ्याने तो एकट्याने उचलला असता तर त्याचा गोठा विकला गेला असता.

पुणे येथून डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तिचे मुख्य काम कोंबडीपालकांना अंड्याचा रास्त भाव मिळवून देण्याचे होते. पण त्याबरोबरच रोज अंडे खावे हा संदेश तिने दूरदर्शनवरून घरोघरी पोचविला. येथे तर कोणा एकाच्या अंड्याची जाहिरात नव्हतीच. ती सर्वांच्या अंड्यांची होती, म्हणून खर्चही सर्वांचा होता.

आपल्या शेजारचे उदाहरण अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे आहे. या कांद्यास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव आता त्या भागातील उत्पादकांची सामाईक मालमत्ता झाले आहे. वेणीत गुंफलेल्या त्या कांद्याची ओळख ‘अलिबाग’ या एका शब्दात सामावलेली आहे व तो शब्द कोणा लेखकाने दिलेला नाही. तेथील जमिनीने आणि शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी दिलेला आहे. अशा नावाचा अधिकृत वापर करण्यासाठी उत्पादकाने रीतसर नोंदणी करून घ्यावी लागते. ज्यांचे क्षेत्र त्या मानांकनात येते त्यांनी जाहिरातीवर पैसे घालण्यापूर्वी हे काम करावे. दुसरीकडच्या कांद्यावर हे नाव घालण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये.

पूर्वीच्या उदाहरणाकडे परत येऊ. तेच १५,००० रुपये जर पाच गटांनी मिळून दिले, तर प्रत्येकाच्या वाट्यास ३,००० रुपये येतील. ३० ने भागले असता १०० पाकिटे होतात. प्रत्येक गटाजवळ जादा खपविण्याजोगी १५० पाकिटे असतील आणि ती सर्व खपली, तर पहिल्याच हंगामात खर्च फिटून १,५०० रुपये शिल्लक राहतात. पुढील हंगामापासून मजकूर तयारच असतो. लेखक तोच, मजकूर तोच, मेहनताना तोच. परंतु एकट्यास जो खर्च बुडवितो तो पाचांस तारतो. याकरिता पाचही गटांचा माल एकाच प्रतवारीचा असला पाहिजे, ही अट मात्र आहे. एकाचा वाल निवडलेला आणि दुसऱ्याचा खड्यांसकट, असे झाल्यास एकाच पाकिटाखाली दोघांचेही नाव खराब होईल.

नेमावयाचा झाल्यास

पुढील चार गोष्टी अनुकूल असतील तर लेखक नेमण्यास आमची हरकत नाही. माल मागणीपेक्षा अधिक असून तो दरसाल त्याच प्रतीचा मिळत असावा. स्वतः लिहिलेल्या मजकुरावर किमान एक हंगाम विक्री करून पाहिलेली असावी. गिऱ्हाईक अशा ठिकाणचे असावे की, त्याची भाषा व आवड आपणांस परिचित नाही. आणि मेहनताना सर्वस्वी बुडाला तरी पुढील हंगामाच्या बियाण्यास किंवा कर्जाच्या हप्त्यास धक्का लागणार नाही, एवढी शिल्लक गटाजवळ असावी. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. बचत गटाच्या पेटीतील रुपया हा भगिनींनी महिन्यामहिन्याला संसारातून काढून ठेवलेला रुपया असतो. तो अंदाजावर लावण्याचा अधिकार अध्यक्षास किंवा सचिवास नाही. सभेत वही उघडून, वरील भागाकार सर्वांसमक्ष करून मगच निर्णय घ्यावा.

करार लेखी करावा. किती मजकूर, किती वेळा दुरुस्ती, किती दिवसांत, हे त्यात लिहावे. मजकूर पुढे कितीही वर्षे व कोणत्याही पाकिटावर वापरण्याचा हक्क गटाचा राहील, हे स्पष्ट करून घ्यावे. सर्व रक्कम आधी देऊ नये. लेखकास एकदा तरी शेतावर किंवा वाळवणाच्या जागी बोलवावे, त्यास वाल निवडताना दाखवावे व बिरडे खाऊ घालावे. जो न येता, न पाहता, न चाखता लिहावयास तयार होतो, त्याचा मजकूर स्वस्त असला तरी महागच समजावा.

जबाबदारी आपलीच

लेखकाने काय लिहिले याची जबाबदारी लेखकावर ढकलता येत नाही. पाकीट ज्याचे, जबाब त्याचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी २०१८ पासून स्वतंत्र नियम आहेत. अमुक पदार्थ खाल्ल्याने अमुक रोग बरा होतो, असे लिहिणे धोक्याचे आहे, मग तो समज गावात कितीही रूढ असो. ‘सेंद्रिय’ हा शब्दही प्रमाणनाचे नियम पाहिल्याशिवाय छापू नये. खत घातले नाही एवढ्यावरून तो छापण्याचा अधिकार मिळतो असे समजू नये.

याउलट जो मजकूर कायद्याने आवश्यक आहे तो लिहिण्यास कोणत्याही लेखकाची गरज नाही. पदार्थाचे नाव, भरणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीचा किंवा परवान्याचा क्रमांक, एवढे प्रथम ठळक व वाचता येईल असे छापावे. पुष्कळ ठिकाणी गोड वाक्ये मोठ्या अक्षरांत व वजन बारीक अक्षरांत आढळते. गिऱ्हाइकाचा संशय तेथेच जागा होतो.

तुलनेचा पट्टा लावा

नवे बियाणे आले म्हणजे शहाणा शेतकरी सर्व शेतात ते पेरीत नाही. एका पट्ट्यात नवे, शेजारच्या पट्ट्यात जुने, आणि खत, पेरणी सर्व सारखे ठेवून तो उतारा मोजतो. हीच पद्धत मजकुरास लावावी. एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच दराने, निम्मी पाकिटे जुन्या मजकुराची व निम्मी नव्या मजकुराची मांडावीत आणि कोणती किती गेली ते टिपावे. एका रविवारी जुनी व दुसऱ्या रविवारी नवी असे करू नये; कारण एका रविवारी भरती-ओहोटीमुळे लाँचेस उशीर झालेला असेल, तर दुसऱ्या रविवारी सणाची गर्दी असेल आणि दोष अथवा श्रेय मजकुरास मिळेल. असे निदान चार-पाच वेळा करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मजकूर बदलला त्याच वेळी पाकिटाचा रंग व दरही बदलला, तर कशाने काय झाले हे कळण्यास मार्ग उरत नाही.

याच वेळी गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येते, याचीही नोंद ठेवावी. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे व उरणपर्यंतच्या लोकल रेल्वेचे उद्घाटन झाले. जो प्रवासी पूर्वी केवळ लाँचचाच विचार करी, त्यास आता दुसऱ्या वाटाही मोकळ्या आहेत. विक्री मंदावली तर तो मजकुराचा दोष असेलच असे नाही. बसण्याची जागा बदलण्याची वेळ आली असेल. माणसे जेथून जातच नाहीत, तेथे उत्तम मजकूरही वाचावयास कोणी नसतो. जागेचा हा प्रश्न सोडविण्यास लेखक लागत नाही. चार दिवस बंदरावर व चार दिवस स्थानकावर बसून पाहिले म्हणजे पुरे.

सारांश, शेतकरी बंधू-भगिनींनी जाहिरातीचा तिटकारा करू नये आणि तिच्यावर भाबडा भरवसाही ठेवू नये. यंदाचा वाल मळून घरात येण्यापूर्वी तीन कामे उरकावीत. गतसाली किती पाकिटे खपली व किती माल सुटा द्यावा लागला, याचा आकडा वहीत मांडावा. गिऱ्हाइकांचे प्रश्न आठवून, स्वतःच्या भाषेत दहा ओळींचा खरा मजकूर लिहावा. आणि आसपासच्या गटांची एक बैठक बोलावून प्रतवारी एकसारखी करता येईल काय, याचा विचार करावा. ही तीन कामे झाल्यावरही हिशेब लेखकाच्या बाजूने लागला, तर त्यास खुशाल बोलवावे व ठरलेला मेहनताना वेळेवर द्यावा. हिशेब तसा लागला नाही, तर तो पैसा चाळण्या, ताडपत्री व घट्ट झाकणाचे पिंप यांसाठी खर्च करावा. निवडलेला, कोरडा व न किडलेला वाल ज्या घरी एकदा गेला, त्या घरून पुढल्या वर्षी पुन्हा मागणी येण्याचा संभव कोणत्याही मजकुरापेक्षा अधिक असतो.